कागदी गुढी (हस्तकला)

कागदी गुढी ही गुढीपाडव्याच्या गुढीची कागदापासून तयार केलेली लहान प्रतिकृती होय. महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत व अंगणवाड्यांत चैत्र शुद्ध प्रतिपदेच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, ही कृती मुलांकडून करून घेतली जाते. साहित्य अल्पखर्ची असल्याने धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासारख्या ग्रामीणबहुल भागातील शाळांना ती सोयीची आहे.

पार्श्वभूमी

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२–१८५२) यांनी बालोद्यान पद्धतीत कागदाच्या घड्यांना स्थान दिले. त्यापासून प्रेरणा घेऊन टी. सुंदर राव यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये मद्रास येथे प्रसिद्ध केला. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला. महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी परिसरातील साध्या वस्तूंच्या आधारे बालशिक्षणाचा प्रसार केला.

साहित्य

जुने वर्तमानपत्र, घोटीव कागद, दोरा, बोथट टोकाची कात्री, गव्हाच्या पिठाची खळ आणि मातीचा गोळा.

कृती

१. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून काठी तयार करावी व तिची कडा खळीने चिकटवावी.
२. आयताकृती घोटीव कागदाच्या पंख्यासारख्या उलटसुलट घड्या घालून त्याचे एक टोक काठीच्या शेंड्याजवळ दोऱ्याने बांधावे. हे गुढीचे वस्त्र होय.
३. दुमडलेल्या कागदाच्या घडीलगत अर्ध्या कलशाची आकृती काढून कापावी. कागद उलगडताच पूर्ण, सममित कलश मिळतो. असे दोन कलश काठीच्या टोकास दोन्ही बाजूंनी पालथे चिकटवावेत.
४. कडुलिंबाची डहाळी, आंब्याची पाने व साखरगाठी कागदाच्याच करून बांधाव्यात.
५. काठी मातीच्या गोळ्यात रोवून उभी करावी.

पाच वर्षांखालील मुलांना कात्री न देता कागद हाताने फाडू द्यावा.

शैक्षणिक महत्त्व

घडी घालताना अर्धा, पाव, समान भाग व सममिती या संकल्पना मुलाला शब्दांआधी हाताने कळतात. बोटांवरील ताबा वाढून लेखनाची पूर्वतयारी होते. शिक्षकाने कापून ठेवलेले तुकडे मुलांनी केवळ चिकटवल्यास वस्तू सुबक दिसते, परंतु हा लाभ उरत नाही. त्यामुळे वाकडी झाली तरी घडी मुलाने स्वतः घालणे हा या कृतीचा गाभा होय.

कृतीपूर्वी खरी डहाळी दाखवावी. मराठवाड्यात 'लिंब' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वृक्षाला वसंतात तांबूस कोवळी पालवी फुटते. पानाची कड दंतुर असते. हे पाहिलेले मूल पानांसाठी तांबूस कागद निवडू शकते. त्यास हिरव्याचा आग्रह धरू नये.

पटनोंदणीशी संबंध

जिल्हा परिषद शाळांत नव्या प्रवेशांसाठी 'गुढीपाडवा, पट वाढवा' हा उपक्रम राबविला जातो. त्या वेळी शाळेत येणाऱ्या पालकांसमोर मुलांनी केलेल्या गुढ्या मांडता येतात. घटत्या पटाच्या काळात लहान गावातील शाळेची ओळख पटविण्याचे ते एक साधे साधन ठरते.