घडीचा दस्ता आणि कायद्याची फूटपट्टी

बंदुकीचा दस्ता म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग. तो घट्ट टेकला आणि गाल त्यावर नीट बसला, तरच डोळा आणि नेम एका रेषेत येतात. पण हाच भाग बंदुकीची लांबी वाढवतो. म्हणून रानात भटकणाऱ्या शिकाऱ्याला एकच पेच पडे: नेम हवा की सुटसुटीतपणा?

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्लॅडस्टोन गावच्या वेबस्टर मार्बल यांनी १९०८ मध्ये यावर उत्तर काढले. त्यांच्या 'गेम गेटर' या बंदुकीला एकावर एक अशा दोन नळ्या होत्या. वरची .२२ रिमफायर काडतुसाची, खालची छर्ऱ्यांची. रिमफायर म्हणजे ज्याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसताच दारू पेटते असे लहान काडतूस. त्याचा धक्का फार कमी असतो. त्यामुळे जाडजूड लाकडी दस्त्याऐवजी सळईच्या सांगाड्यासारखा हलका दस्ता पुरतो, आणि तो बिजागरीवर दुमडता येतो. मात्र बिजागरी पक्की हवी. ती जराही हलली तर नेम चुकलाच. नळ्या १२, १५ किंवा १८ इंची मिळत. सापळे लावणारे आणि मासे धरणारे लोक ती बगलेत अडकवून फिरत.

पण जी वस्तू बगलेत मावते, ती कोटाखालीही लपते. दारूबंदीच्या काळात अमेरिकेत टोळ्या माजल्या. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोत एकाच वेळी सात जण मारले गेले. १९३४ मध्ये संसदेने कायदा केला. मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती, ती वगळली गेली. आखूड नळीच्या बंदुका मात्र राहिल्या. त्यांच्या हस्तांतरणावर २०० डॉलर कर बसला. गेम गेटरच्या किमतीच्या तो कितीतरी पट होता. गुंडांसाठी विणलेल्या जाळ्यात सापळेवाल्यांची बंदूक अडकली.

चूक दिसल्यावर दुरुस्त्याही झाल्या. १९३६ मध्ये .२२ रायफलींसाठी नळीची मर्यादा १६ इंचांवर आली. पुढे दोन नळ्यांच्या अशा बंदुकांसाठी वेगळे कलम आले. १२ ते १८ इंच नळ्या असलेल्या बंदुकांचे ते वर्णन आजही त्या कायद्यात आहे.

आपल्याकडे मात्र फूटपट्टीच वेगळी होती. लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. तिथे बंदुकीची नळी मोजली जात होती, इथे माणसाचा वंश. १८८७ मध्ये काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाने हा कायदा बदलण्याची मागणी केली. अध्यक्षस्थानी होते मुंबईचे बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी.

शस्त्रावर बंधन असावेच. माणसाचा जीव स्वस्त नाही. पण बंधन वस्तूवर असेल तर चुकलेले माप सुधारता येते. दोन इंच इकडेतिकडे केले की झाले. बंधन जन्मावर असेल, तर ज्याला मोजले जाते त्याने काय दुमडायचे?