परिचयपर चित्रफीत : आधी कागद, मग कॅमेरा

व्यवसायाच्या संकेतस्थळावर एखादी छोटी परिचयपर चित्रफीत असावी, असे आता लहान उद्योजकांनाही वाटू लागले आहे. इंटरनेटचा वेग वाढला आहे आणि चांगला कॅमेरा खिशातल्या मोबाइलमध्येच आहे. त्यामुळे ही गोष्ट आवाक्यातही आली आहे. मात्र अशा अनेक चित्रफितींत कंपनीच्या स्थापनेचा इतिहास, इमारतीचे दर्शन, संचालकांचे मनोगत आणि वर चढ्या आवाजातील संगीत एवढेच असते. हे सर्व पाहूनही ही मंडळी नेमके काय करतात, हे पाहणाऱ्याला उमगत नाही. झालेला खर्च वाया जातो आणि दारापर्यंत आलेला ग्राहक परत फिरतो. ही चूक बहुतेक वेळा चित्रीकरणातली नसते. ती त्याआधीच, विचाराच्या पातळीवर झालेली असते.

एक सेवा, दोन चित्रफिती

या संदर्भात ड्रॉपबॉक्स या अमेरिकी कंपनीचे उदाहरण बोलके आहे. ड्रू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी २००७मध्ये ही कंपनी सुरू केली. एका संगणकावर ठेवलेली फाइल दुसऱ्या संगणकावर आपोआप दिसावी, अशी ही सेवा होती. ती शब्दांत समजावणे कठीण होते. म्हणून ह्यूस्टन यांनी संगणकाच्या पडद्याचेच चित्रण केले आणि त्यावर स्वतःच्या आवाजात निवेदन दिले. ‘डिग’ या संकेतस्थळावरील तंत्रस्नेही वाचकांसाठी २००८मध्ये त्यांनी अशीच एक चित्रफीत केली. तिच्यामुळे प्रतीक्षायादी एका रात्रीत ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली, असे त्यांनी पुढे सांगितले.

सामान्य ग्राहकांसाठी मात्र कंपनीने दुसरी वाट धरली. सिएटलमधील ली आणि साची लेफेव्हर या दाम्पत्याच्या ‘कॉमन क्राफ्ट’ या संस्थेने २००९मध्ये ड्रॉपबॉक्ससाठी सुमारे दोन मिनिटांची चित्रफीत तयार केली. पांढऱ्या फळ्यावर कागदाची कात्रणे हाताने सरकवत गोष्ट सांगण्याची या दाम्पत्याची पद्धत होती. काही काळ ड्रॉपबॉक्सच्या मुखपृष्ठावर ही चित्रफीत आणि डाउनलोडचे बटण, याखेरीज फारसे काही नव्हते.

दोन्हींत महागडे चित्रीकरण नव्हते, कार्यालय नव्हते आणि संस्थापकांचा चेहराही नव्हता. सेवा एकच होती, पण पाहणारे वेगळे होते, म्हणून चित्रफिती दोन झाल्या. प्रत्येकीने आपापल्या प्रेक्षकाच्या मनातील एकाच प्रश्नाचे उत्तर दिले.

प्रश्न ग्राहकाचा हवा

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एखादा उद्योजक घेऊ. त्याच्या संकेतस्थळावर येणारा मोठ्या कंपनीचा खरेदी अधिकारी ‘आमचा भाग हे अचूक मापात आणि वेळेवर देतील का?’ हा प्रश्न मनात घेऊन येतो. त्याला उद्घाटनाच्या फितीपेक्षा मायक्रोमीटरमध्ये धरलेला भाग, तपासणीचा कक्ष आणि मापांची नोंदवही पाहायची असते. स्थापनेचे वर्ष, पत्ता, यंत्रांची यादी हा मजकूर पानावर वाचता येतो. चित्रफितीत तेच घालावे, जे पाहिल्याशिवाय पटत नाही.

हा प्रश्न निश्चित झाला की संहिता लिहावी. ठाशीव, सावकाश मराठी निवेदनात मिनिटाला साधारण १२० शब्द बसतात. म्हणजे दीड मिनिटासाठी १८० शब्द पुरेत. कागदाचे दोन उभे भाग करून डावीकडे दृश्य आणि उजवीकडे निवेदन लिहावे. उजवीकडे वाक्य आहे, पण डावीकडे दाखवण्याजोगे काही नाही, असे झाले तर ते वाक्य बहुधा अनावश्यक असते. ‘आमच्या संकेतस्थळावर आपले स्वागत असो’ या वाक्यावर सुरुवातीचे मोलाचे क्षण खर्च करू नयेत. पहिल्या दहा सेकंदांत ग्राहकाची अडचणच समोर यावी. संहिता पूर्ण झाल्यावर या धंद्याशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला ती वाचून दाखवावी आणि हा व्यवसाय काय करतो, हे त्यालाच सांगायला लावावे. त्याला ते सांगता आले नाही, तर संहिता पुन्हा लिहावी. कागदावरची दुरुस्ती फुकट असते, चित्रीकरणानंतरची नसते.

आवाज आणि उजेड

थोडे धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतात, अस्पष्ट आवाज मात्र नाही. म्हणून बोलणाऱ्याच्या कॉलरला छोटा माइक लावावा, पंखा आणि वातानुकूलन यंत्र तेवढ्यापुरते बंद ठेवावे. निवेदन शांत खोलीत वेगळे ध्वनिमुद्रित केल्यास अधिक चांगले. मोबाइल आडवा धरून ट्रायपॉडवर बसवावा. खिडकीचा उजेड बोलणाऱ्याच्या पाठीमागून नव्हे, तर समोरून किंवा बाजूने यावा.

कारखान्यातील चित्रीकरणात अनेकदा पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने जुन्या ट्यूबलाइट आणि काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते. शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास हा दोष बहुतांशी टळतो.

संकेतस्थळावर ठेवताना

क्रोम ब्राउझरने २०१८पासून आवाजासह आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींवर मर्यादा आणल्या. शिवाय कार्यालयात किंवा लोकलमध्ये मोबाइल पाहणारे अनेकजण आवाज बंदच ठेवतात. त्यामुळे सबटायटल असावीत आणि आवाजाविनाही विषय ध्यानात यावा. फाइलच्या आकाराचेही भान हवे. सेकंदाला ५ मेगाबिट या दराने तयार केलेली दीड मिनिटाची फाइल सुमारे ५६ मेगाबाइटची होते. ती पान उघडताच उतरू लागली तर संकेतस्थळ मंदावते. यूट्यूबसारख्या सेवेवर ठेवून ती पानावर जोडणे, किंवा आधी केवळ स्थिरचित्र दाखवून बटण दाबल्यावरच चित्रफीत सुरू करणे सोयीचे ठरते.

हक्क आणि विश्वास

चित्रपटगीताचा तुकडा पार्श्वभूमीला वापरण्याचा मोह टाळावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. व्यवसायाच्या प्रसिद्धीसाठी ते वापरायचे तर परवाना लागतो. कामगारांची आणि ग्राहकांची संमती लेखी घ्यावी. सुटे भाग बनवणाऱ्यांनी तर टेबलावर दुसऱ्या ग्राहकाचे ड्रॉइंग उघडे राहिलेले नाही ना, हे प्रत्येक दृश्यात तपासावे. अचूकता दाखवण्यासाठी केलेल्या चित्रफितीतून एखाद्याचे गुपित बाहेर पडले, तर खरेदी अधिकारी तेवढेच लक्षात ठेवील.

विकत मिळणाऱ्या तयार दृश्यांतील परदेशी चकचकीत कारखानाही टाळावा. ग्राहक कधीतरी प्रत्यक्ष भेटीला येतोच. त्या वेळी त्याला दिसणारी जागा, यंत्रे आणि माणसे चित्रफितीतलीच असली पाहिजेत.