भिंतीपुढील भिंत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गेल्या पालकसभेत नव्या इमारतीचा विषय निघाला, तेव्हा एका पालकांनी सूचना केली की, शाळेचा रस्त्याकडील दर्शनी भाग शहरातील कार्यालयांप्रमाणे संपूर्ण काचेचा असावा. सूचनेमागील भावना मोलाची होती. आपल्या मुलांची शाळा चारचौघांत उठून दिसावी असे कोणाला वाटणार नाही? परंतु हा भाग नेमका पश्चिमेचा आहे आणि उंद्रीचे एप्रिल महिन्यातील दुपारचे ऊन आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. म्हणून या विषयाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवीत आहे.

मोठ्या शहरांतील काही कार्यालयांना हल्ली एक नव्हे, तर दोन दर्शनी भिंती असतात. बाहेर काचेची एक, आत दुसरी आणि मध्ये हवेची पोकळी. ही पद्धत निघाली थंड मुलुखात. जर्मनीतील गिंगेन या गावी १९०३ साली स्टाईफ यांच्या खेळण्यांच्या कारखान्याला (मुलांच्या आवडीची कापडी अस्वले बनविणारा हाच तो कारखाना) लोखंडी सांगाड्यावर दुहेरी काचेच्या भिंती बसविण्यात आल्या. कामगारांना उजेड भरपूर मिळावा आणि थंडी मात्र बाहेरच राहावी, हा त्यामागील हेतू.

पुढे चंडीगढचा शिल्पकार म्हणून आपल्याकडे प्रसिद्ध झालेला ल कॉर्ब्युझिए याने पॅरिसमध्ये निराधारांसाठी एक इमारत बांधली. ती १९३३ साली पुरी झाली. दोन काचांच्या मधून गरम वा थंड हवा खेळवावी अशी त्याची कल्पना होती. पैसा अपुरा पडला आणि दक्षिणेकडे एकाच काचेची बंद भिंत उभी राहिली. उन्हाळ्यात आतील माणसे उकडून निघाली. शेवटी उघडता येणाऱ्या खिडक्या ठेवाव्या लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काचेपुढे ऊन अडविणारे काँक्रीटचे आडोसे घालण्यात आले. हे पॅरिसचे ऊन, विदर्भाचे नव्हे!

असे का होते, हे आपले विज्ञानाचे विद्यार्थी सांगू शकतील. सूर्याचे किरण काचेतून सहज आत येतात आणि जमीन, बाके, भिंती तापवितात. या तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र काचेतून तशी परत जाऊ शकत नाही. म्हणून ऊन आत शिरण्यापूर्वीच अडविले पाहिजे. आत आल्यावर पडदा ओढून फारसा उपयोग नाही. ल कॉर्ब्युझिए हे शिकला असावा. १९५४ साली अहमदाबादेत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, त्याने गिरणीमालकांच्या संघाचे कार्यालय बांधले, तेव्हा रस्त्याकडील पश्चिम बाजूस काँक्रीटचे खोल, तिरपे पडदे उभे केले. ऊन त्यांवर पडते, भिंत सावलीत राहते आणि मधून वारा वाहतो.

आता थोडे आपल्या घरचे पाहू. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ तो १६६० च्या सुमारास उभारला गेला. अताउल्ला आणि हंसपतराय ही त्याच्या रचनाकारांची नावे विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावीत. तेथील संगमरवरी जाळ्यांकडे आपण नक्षी म्हणून पाहतो. पण जाळी हीदेखील एक भिंतच आहे. दगडाची जाडी छिद्राच्या रुंदीच्या मानाने पुरेशी असली की, वरून येणारे ऊन थेट आत पोचत नाही. छिद्राच्या कडांवर आपटून सौम्य झालेला उजेड तेवढा झिरपतो. जाळीतून गेल्याने हवा थंड होते असे पुष्कळदा सांगितले जाते, ते मात्र मला पटत नाही. हवा तीच असते. ऊन लागत नाही आणि वारा लागतो, म्हणून आपल्याला गारवा वाटतो, इतकेच. शिवाय सायंकाळचे आडवे ऊन जाळीलाही पुरते जुमानीत नाही.

त्यावरचा उपाय मुंबईच्या जुन्या सचिवालयात दिसतो. कर्नल विल्किन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८७४ साली पुरी झाली. (त्याच वर्षी, त्याच शहरात बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली.) मैदानाच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस, कमानींच्या ओळी, त्यांमागे व्हरांडा आणि त्यामागे कचेरीच्या खोल्या. विजेचे पंखे नसलेल्या त्या काळात कमानींनी ऊन आणि पावसाची झड अंगावर घ्यायची आणि कारकुनाने आतील सावलीत बसून लिहायचे, अशी ती वाटणी होती. शंभर वर्षांनी चार्ल्स कोरिया यांनी मुंबईतील 'कांचनजंगा' या १९८३ साली पुऱ्या झालेल्या उंच इमारतीत घरांना दोन मजले उंचीचे खोल सज्जे दिले. जुन्या बंगल्याचा व्हरांडाच त्यांनी आकाशात नेला.

आणि आपल्या वऱ्हाडातील सपरी तरी दुसरे काय आहे? उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे पडदे टांगून त्यांवर पाणी मारीत, तीही एक भिंतीपुढील भिंतच. आणि तिच्यातून येणारी हवा मात्र खरोखर थंड होते, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते.

दुहेरी काचेची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. फ्रँकफुर्ट येथील १९९७ सालचा कॉमर्झबँकेचा मनोरा ५६ मजली असूनही त्याच्या खिडक्या उघडता येतात, त्या बाहेरील दुसऱ्या काचेमुळेच. परंतु अशा भिंतींत मधली तापलेली हवा वरून निघून जाण्याची सोय लागते, पोकळीत ऊन अडविणारे पडदे लागतात आणि काच सतत पुसावी लागते. एवढे करण्यास माणसे आणि पैसा हवा. आपला पैसा पालकांच्या वर्गणीतून येतो. एकेरी काच लावून वातानुकूलन यंत्रे बसवावयाची तर दरमहा विजेचे बिल कोण भरणार? आणि वीज गेली, तर परीक्षेच्या खोलीत मुले तीन तास कशी बसणार?

नव्या इमारतीसाठी दोन नकाशे तयार आहेत. एकात पश्चिमेस काच आहे. दुसऱ्यात आठ फूट रुंद व्हरांडा आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला कमरेपासून वर सिमेंटची जाळी आहे. दोन्ही शाळेच्या कार्यालयात लावले आहेत. पालकांनी ते पाहावयास शक्यतो दुपारी तीन वाजता यावे आणि कार्यालयात शिरण्यापूर्वी जुन्या वर्गाच्या पश्चिम भिंतीला आतून हात लावून पाहावा.