तळटीप : पेशीबाहेरचे शरीर
लेखकाने शरीराला ‘पेशींची रास’ म्हटले आहे. ते अपुरे वाटते. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली ज्या कोलॅजेनची तीनपेडी रचना मांडली, ते कातडी-कंडरांना बळकटी देणारे प्रथिन पेशींच्या बाहेर असते. (तपशील पुढे क्रिक आणि रिच यांनी सुधारले, तीन पेड कायम राहिले.) वेणीच्या आतल्या चिंचोळ्या जागेत सर्वांत लहान अमिनो आम्ल ग्लायसिनच मावते, म्हणून साखळीत दर तिसरी जागा त्याची. कोणी म्हणेल, हे प्रथिन घडते तर पेशीतच! खरे आहे, पेड आंतर्द्रव्यजालिकेतच वळले जातात. पण टोके छाटून त्यांचे पक्के तंतू होतात ते मुख्यतः बाहेर, आणि त्याच तंतूंना धरून पेशी आपली जागा राखतात. राशीला असा सांगाडा नसतो.