कानामागून आलेले यंत्र

चष्मा लागला म्हणजे माणूस चार पुस्तके जास्त वाचलेला दिसतो. कानाला यंत्र लागले म्हणजे मात्र तो म्हातारा झाला असे जग समजते. चष्मेवाल्याला कोणी हसत नाही. बहिऱ्याला मात्र आमच्या नाटक-सिनेमावाल्यांनी पिढ्यान् पिढ्या हशासाठी राबवून घेतले आहे. मग ज्याला कमी ऐकू येते तो ते लपवतो, घरचे ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देतात, आणि पाहता पाहता एक माणूस घरात असून घरातून निघून जाते.

माझ्या आत्याचे असेच होऊ घातले होते, आणि तेही सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावी ती मुलाकडे राहते. वय अठ्ठ्याहत्तर. दर रविवारी सकाळी जुहूला आमच्या घरी तिचा फोन येई. मी विचारावे एक आणि तिने सांगावे भलतेच, असे होऊ लागले. पुढे पुढे तर ती नुसतेच ‘बरं, बरं’ म्हणून फोन सुनेच्या हाती देऊ लागली. शेवटी आतेभावाचा निरोप आला, “इथं जोडीला साडेचार हजार डॉलर सांगतात. मुंबईत काय भाव आहे बघ, आणि चांगलंसं घेऊन पाठवून दे.”

मी पडलो शाळामास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा. विज्ञान माझे मॅट्रिकपुरतेच. तेव्हा बाजारात जाण्याआधी या यंत्राचे कुळगोत्र तरी पाहावे म्हणून पुस्तके चाळू लागलो, आणि एक गंमत हाती लागली. एडिसनला परवडत नाही म्हणून जे यंत्र जुहूला शोधायचे होते, त्याचे आजोळ एडिसनच्याच पंचक्रोशीत निघाले!

कानामागे हात धरणे हे माणसाचे पहिले श्रवणयंत्र. त्यानंतर कर्णे आले. पोर्तुगालचा राजा सहावा जुआंव याला कमी ऐकू येई. आपले गोवे त्या वेळी याच राजाच्या अमलाखाली होते. त्याच्यासाठी लंडनच्या राइन नावाच्या कारागिराने १८१९ साली एक सिंहासनच बनवले. त्याच्या पोकळ हातांना सिंहाची तोंडे होती. दरबाऱ्याने गुडघे टेकून त्या तोंडात बोलावे आणि नळीवाटे ते राजाच्या कानी जावे, अशी योजना. पण कर्णा काय किंवा सिंहासन काय, आवाज गोळा करण्यापलीकडे त्यांची मजल नव्हती. आवाज वाढवायला वीज लागते.

ती वाट टेलिफोनने उघडली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची आईही बहिरी आणि बायकोही बहिरी. त्याने १८७६ साली टेलिफोन काढला. पुढच्याच वर्षी थॉमस एडिसनने मेन्लो पार्कच्या आपल्या प्रयोगशाळेत कोळशाच्या बोंडीचा ट्रान्समीटर तयार केला आणि त्या टेलिफोनचा क्षीण आवाज खणखणीत केला. हा एडिसन स्वतः लहानपणापासून कमी ऐकणारा! आपले बहिरेपण एकाग्रतेला उपकारकच आहे असे तो म्हणे. मेन्लो पार्क ज्या वस्तीत मोडते तिने १९५४ साली त्याचेच नाव घेतले. माझी आत्या राहते ते एडिसन हेच.

कोळशाच्या याच युक्तीवर मिलर हचिसन या तरुणाने १८९८ साली विजेवर चालणारे श्रवणयंत्र बनवले. इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा हिने ते वापरले. हचिसन पुढे एडिसनकडेच मुख्य इंजिनियर म्हणून राहिला. १९२० नंतर रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हची यंत्रे आली; पण त्यांचे सेल वागवायचे म्हणजे अंगावर ओझेच. मग डिसेंबर १९४७ मध्ये एडिसनपासून जवळच, न्यू जर्सीतल्याच मरे हिल येथे, बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. बेलच्या स्मरणार्थ कंपनीने श्रवणयंत्रे बनवणाऱ्यांना त्याचे स्वामित्वशुल्क माफ केले. म्हणून १९५२ च्या अखेरीस पहिले ट्रान्झिस्टरचे श्रवणयंत्र बाजारात आले. खिशातल्या रेडिओच्याही दोन वर्षे आधी. किंमत होती २२९ डॉलर ५० सेंट. यंत्र लहान होत होत कानामागे जाऊन बसले, १९९६ च्या सुमारास डिजिटल झाले, आणि ‘कानामागून आली नि तिखट झाली’ ही म्हण त्याने अगदी अक्षरशः खरी केली. २०१५ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी हिशेब केला, तेव्हा एका कानाच्या यंत्राची सरासरी किंमत २,३०० डॉलरांच्या वर भरली.

हे असे का? एक तर जगातली बहुतेक यंत्रे पाच मोठ्या कारखानदारांकडून येतात. दुसरे, अमेरिकेत तपासणी, बसवणी आणि पुढच्या फेऱ्या यांचे पैसे बहुधा यंत्राच्या किमतीतच धरलेले असतात. तिसरे कारण कायद्याचे. म्हाताऱ्या माणसांसाठी तिथे १९६५ साली मेडिकेअर नावाची विमायोजना झाली, पण तिच्या मूळ कायद्याने श्रवणयंत्रे स्पष्ट शब्दांत वगळली, ती आजही वगळलेलीच आहेत. शिवाय आत्यासारख्या उतारवयात मुलाकडे गेलेल्या माणसाला त्या योजनेत पैसे भरून शिरायचे तरी कायम वास्तव्याची पाच वर्षे व्हावी लागतात. उलट इंग्लंडात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून श्रवणयंत्र फुकट मिळू लागले. म्हणजे एकाच वाड्यातल्या दोन बहिणी, एक लेस्टरला गेली आणि एक एडिसनला, तर एकीला ऐकू येईल आणि दुसरीला येणार नाही. आणि यात कानांचा दोष कुठेच नाही!

अमेरिकेलाही अखेर जाग आली. २०१७ साली कायदा झाला, आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणाची यंत्रे तिथे चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागली. सभासदांच्या घाऊक दुकानांत तर तज्ज्ञाने बसवून दिलेली जोडीही दीड हजार डॉलरांच्या आसपास मिळते. हे आतेभावाला कळवले. पण त्याने आधीच कुठूनसे शंभर डॉलरांचे एक डबडे आणले होते. ते माणसाचा आवाजही वाढवी आणि भांड्यांचाही. आत्याने ते चार दिवसांत खणात टाकले.

आमच्याकडे भाव काही हजारांपासून दोन-तीन लाखांपर्यंत आहे, आणि श्रवणयंत्रावर जीएसटी नाही. मुंबईला तर या शास्त्राची परंपराच आहे. १९६६ साली नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना निवर्तलेल्या अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली वांद्र्याला निघाली. जुहूहून ती काही फार लांब नाही. तेव्हा यंत्र घ्यावे आणि पार्सल करावे, इतके सोपे ते मला वाटत होते. याच जुहूच्या विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले. विलायतेची पत्रे तेव्हापासून आभाळातून येऊ लागली. मग एवढेसे यंत्र का जाऊ नये?

ओळखीच्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मास्तर, यंत्र जाईल हो. पण कान कुठे आहे?”

मग त्यांनी मला समजावून सांगितले ते असे. उतारवयात आवाज सरसकट कमी होत नाही. कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यातल्या बारीक पेशी झिजतात. आणि आधी जातात त्या उंच सुरांच्या. आ, ओ, ऊ हे स्वर जाड. ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ ही व्यंजने बारीक, ती निसटतात. म्हणून म्हातारी माणसे म्हणतात, ‘आवाज येतो रे, शब्द कळत नाही.’ आपण ओरडतो तेव्हा स्वरच मोठे होतात, व्यंजने तशीच राहतात. वर त्या माणसाला वाटते, सगळे आपल्यावर रागावलेच आहेत. कोणत्या कानाचा कोणता सूर किती गेला याचा आलेख काढायचा, यंत्र त्या आलेखाबरहुकूम जुळवायचे, कानाचा साचा नीट बसतो ना, शिट्टी येत नाही ना ते पाहायचे, आणि महिना-दोन महिने फेऱ्या घालून सुधारत न्यायचे. यंत्राची हमीसुद्धा बहुधा घेतल्या देशापुरतीच असते.

जानेवारीत आत्या अडीच महिन्यांसाठी आली. आल्या आठवड्यातच तिला नेले. बाईंनी तोंडापुढे कागद धरला आणि एकेक शब्द उच्चारला. ‘ताट’ म्हटले, आत्या म्हणाली ‘पाट’. ‘शेत’ म्हटले, ती म्हणाली ‘पेठ’. नुसत्या सुरांची तपासणी कोणत्याही देशात सारखीच. शब्दांची मात्र मायबोलीत व्हावी लागते, हे मला त्या खोलीत कळले.

मध्यम प्रतीची जोडी सत्तर हजारांत बसली. एडिसनच्या भावाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास! पण पहिला आठवडा कठीण गेला. झारा कढईवर आपटला की आत्या दचके. जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टर उडाले की यंत्र काढून ठेवी. “मेले कावळे इतके ओरडायचे का रे पूर्वी?” असे विचारी. वर्षानुवर्षे शांत बसलेल्या मेंदूला गोंगाटाची ओळख पुन्हा पटायला दिवस लागतात. बाईंनी चार वेळा बोलावून यंत्र थोडे थोडे बदलले. पाचव्या आठवड्यात माझी पत्नी स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, “चहात साखर कमी घालू ना?” आणि बाहेरच्या खोलीतून उत्तर आले, “मुळीच नको!”

या सगळ्या इतिहासाचा मला लागलेला अर्थ एवढाच. यंत्र दर पिढीला स्वस्त आणि लहान होत आले. ते कानाला जुळवणाऱ्या माणसाचा वेळ मात्र स्वस्त झाला नाही. न्यू जर्सीत पैसे लागतात ते पुष्कळसे त्या वेळाचे, आणि मुंबईत वाचतात तेही त्याचेच. आता फोनवरून दूरदेशीच्या यंत्राचा सूर थोडाफार बदलता येतो; पण साचा टोचत असेल, कानात मळ साठला असेल, तर तिथे हातच लागतो.

आणि ही चैन नव्हे. २०२० साली ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांनी बुद्धिभ्रंशाची टाळता येण्याजोगी कारणे मोजली, तेव्हा मध्यम वयातले बहिरेपण त्यांत सर्वांत मोठे भरले.

दिवाळीनंतर पुष्कळ घरी परदेशातली वडीलधारी माणसे येतील. त्यांच्या मुलांनी तिकडे आधी डॉक्टरकडून कान साफ करून आलेख काढून घ्यावा, तो इकडे धाडावा, आणि मुक्काम निदान दोन महिन्यांचा ठेवावा. थोडे दिवसच राहणार असतील तर यंत्र तिकडेच घेतलेले बरे, मग ते महाग का असेना. इथे घ्यायचे तर पहिल्या आठवड्यात घ्यावे. खरेदी, लग्नकार्ये आणि देवदर्शने यांतून उरलेल्या शेवटच्या दोन दिवसांत कानाचे यंत्र बसवून कोणालाही विमानात बसवू नये. ते यंत्र तिकडे पोचते ते सरळ खणातच.