दुर्बीण आजीची, दुर्बीण नातीची

डोंबिवली-कल्याणकडच्या कितीतरी घरांत पोटात घालून बघायची दुर्बीण दोनदा आलेली आहे. आजीच्या वेळी 'दोन मुलं पुरेत' म्हणून. नातीच्या वेळी दर महिन्याच्या कळा कशाच्या ते कळेना म्हणून.

नातीचा आजार जुनाच. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बीजांडकोशावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर रुजते. तिथे सूज येते, रक्त साकळतं, अवयव एकमेकांना चिकटतात. व्हिएन्नाच्या कार्ल रोकितान्स्कीने अशा भलत्या जागी वाढलेल्या ग्रंथींची नोंद १८६० मध्ये केली. कल्याणशी नातं असलेल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या, तेव्हाही या दुखण्याला 'एंडोमेट्रिओसिस' हे नाव मिळालं नव्हतं. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या जॉन सॅम्प्सनने १९२१ मध्ये बीजांडकोशातल्या 'चॉकलेट' गाठींवर लिहिलं. सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून आज घरोघरी पोचलेली चॉकलेट सिस्ट ती हीच. पाळीचं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं, हा त्याचा सिद्धांत. पण तसं ते बहुतेक बायकांचं जातं, आजार मात्र दहांतल्या साधारण एकीलाच होतो. तो का, हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही.

सॅम्प्सनला पोट उघडूनच बघावं लागे. दुर्बीण तेव्हा नवखी होती. स्टॉकहोमच्या याकोबेयसने १९१० मध्ये मूत्राशयाची दुर्बीण माणसाच्या पोटात घालून पाहिली होती. पॅरिसच्या राउल पामरने १९४० च्या दशकात रुग्णाचं डोकं खाली करून ओटीपोट नीट न्याहाळलं. मग हॉपकिन्स या शास्त्रज्ञाची काचदांड्यांची भिंगं आली आणि चित्र लख्ख झालं.

आपल्याकडे दुर्बीण गावोगाव पोचली ती सरकारी कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. बिनटाक्याचं ऑपरेशन! दोन्ही नलिकांना एकेक रिंग, की पुढची बाई टेबलावर. वर लक्ष्यांक पुरा करायचा धाक. बीजांडकोशावरचे काळेनिळे ठिपके अशा घाईत कोण बघत बसणार? ज्या यंत्रातून बाईचं दुखणं दिसू शकत होतं, त्यातून आपण आधी फक्त तिच्या नलिका पाहिल्या.

दुखण्यावर घरचा सल्ला ठरलेला: 'लग्न झालं, मूल झालं की थांबेल.' गंमत म्हणजे, अमेरिकेच्या किस्टनरने १९५० च्या दशकाअखेर जवळपास हाच धागा धरला. गरोदरपणात पाळी बंद असते, मग संप्रेरकांच्या गोळ्यांनी तीच अवस्था आणावी. त्यातून बऱ्याच जणींना आराम पडला. पण गोळ्या थांबल्या की दुखणं परतायचं. मूल झाल्यावरही तेच, हे सल्ला देणाऱ्या सांगत नसत. पुढे आलेल्या डॅनॅझोल या औषधाने काहींचा आवाज घोगरा केला, ओठांवर लव आणली. हल्ली चिठ्ठीवर सर्रास दिसते ती डायनोजेस्ट.

आणि दुर्बीण? युरोपीय तज्ज्ञसंस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेने निदानासाठी तिला पहिल्या मानावरून उतरवलं. लक्षणं नीट ऐका, सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि दुर्बिणीची वाट न पाहता औषध सुरू करायलाही हरकत नाही, असा मार्गदर्शिकेचा रोख आहे. मात्र तपासण्या स्वच्छ आल्या म्हणून आजार नाही, असंही म्हणता येत नाही. गाठ किंवा चिकटलेलं आतडं सोडवायला दुर्बीण अजून लागतेच. फक्त गाठ सोलताना चांगली बीजंही जातात. म्हणून मूल हवं असलेल्या मुलीने ऑपरेशनआधी एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावं आणि बीजं गोठवून ठेवायची का, हे डॉक्टरांना तेव्हाच विचारावं.