पांढरीच्या मातीचं धाबं

जगातली नवलाची घरं म्हटलं की आपल्याला झाडावरची, गुहेतली, बर्फाची घरं आठवतात. आज आम्ही अशाच एका घराबद्दल बोलणार आहोत. त्याच्या छपरावर झोपता येतं, पापड वाळवता येतात, आणि छपराला असलेल्या भोकातून स्वयंपाकघरात उजेड येतो. ओळखलंत ना? आपलं सावद्याचं, फैजपूरचं, रावेरचं धाब्याचं घर!

परदेशातल्या माणसाला हे छप्पर नवलाचंच वाटेल. जाड लाकडी खांब, त्यावर सरे आणि कड्या, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर पाला, आणि सगळ्यात वर हातभर मातीचा थर. खालून दगड-मातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या घरात जातो. ती आग मातीच्या थरातून आत झिरपायला दिवस मावळतो, तोवर आपण अंथरूण घेऊन धाब्यावर गेलेलो असतो. उजेडासाठी आणि धुरासाठी छपरात ठेवलेलं भोक म्हणजे सानं. पाऊस आला की पोरांना ओरडायचं, "सानं झाका रे!"

धाब्यावरची माती मात्र कुठलीही चालत नाही. शेताची काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. म्हणून पांढरी, खारी माती आणायची. ती कुठली? आपल्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहिली, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या, चुलीची राख साचली, तिथली माती पांढरी होते. म्हणजे आपल्या आज्यांच्या पडलेल्या घरांची माती आपण डोक्यावर छप्पर म्हणून घेतली! तापीकाठच्या प्रकाशे गावात 1955 साली बी. के. थापर यांनी असंच एक पांढरीचं टेकाड खणलं, तर तळाशी तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली.

असंच एक टेकाड तुर्कस्तानात आहे, चातालह्यूयूक नावाचं. सुमारे 9000 वर्षांपूर्वी तिथे मोठी वस्ती होती. घरं मातीच्या विटांची, एकमेकींना चिकटलेली, छपरं सपाट. गावात गल्लीच नाही आणि घराला दारही नाही! छपरावरून चालत जायचं आणि सान्यासारख्या भोकातून शिडीने आत उतरायचं. त्याच भोकातून चुलीचा धूर बाहेर. भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा इतक्यांदा दिलेला, की काही भिंतींवर त्याचे शेकडो पातळ थर सापडले.

तिथल्या सांगाड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. बरगड्यांच्या आतल्या बाजूला धुराची काजळी होती, आणि ती बायांच्या व पुरुषांच्या सांगाड्यांत सारखीच होती. म्हणजे चुलीजवळ दोघंही सारखेच वावरत असावेत, असं अभ्यासक म्हणतात. हे वाचलं तेव्हा आम्ही गटातल्या बाया एकमेकींकडे बघतच राहिलो. आपल्या घरांत ही काजळी कोणाच्या छातीत गेली असेल, हे सांगायला उत्खनन नको.

धाब्याचंही तसंच. खांब-कड्या सुताराने बसवल्या, त्याचं नाव निघतं. पण दरवर्षी मिरगाच्या आधी पांढरीची पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढणारी, माती पसरून चोपणारी, भेगा बुजवणारी, पन्हाळ मोकळी करणारी कोण? झड लागल्यावर मध्यरात्री गळतीखाली भांडी मांडणारी कोण? ही मेहनत कुठल्याच उताऱ्यावर चढली नाही.

आम्ही जुनं सगळं सोनं म्हणत नाही. वर्षानुवर्षं माती चढत जाते, ओझं वाढतं, कड्यांना वाळवी लागते आणि एखाद्या झडीत धाबं खाली येतं. ज्यांना पक्कं घर मिळतंय त्यांनी ते जरूर बांधावं. पण कागदावर "कच्चं घर" लिहिलं म्हणजे ते घर अडाण्याचं होत नाही. येमेनमधल्या शिबाम गावात मातीच्या विटांची पाच-सहा मजली घरं चारशे-पाचशे वर्षं उभी आहेत, कारण माणसं त्यांना सतत लिंपत राहिली. आणि धाब्याच्या जागी पत्रे टाकलेल्या घरात मे महिन्यातली दुपार कशी जाते, ते आपण जाणतोच.

म्हणून दोन कामं करू या. घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा, माती कुठून आणत होती, किती चोपत होती, पाला कोणता घालत होती. धाबं उतरायच्या आधी ते वहीत लिहून ठेवा. दुसरं, आवास योजनेत घर बाईच्या किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर करण्याची तरतूद आहे. पुढच्या बैठकीला येताना नगरपालिकेचा उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना 8 घेऊन या. त्यावर आपलं नाव आहे का, ते सगळ्या मिळून बघू. धाब्यावर माती आपण वाहिली, तर घराच्या कागदावर आपलं नावही हवं.